यात्रेच्या नावानं मिळालेली सवड

पर्यटन ही आपल्याकडे साहेबानं आणलेली सवय आहे, असं मानणारा मोठा सुशिक्षित वर्ग महाराष्ट्रात आहे. खेड्यातला माणूस बाजाराला जायचा, लग्नकार्याला जायचा, फार तर नवस फेडायला जायचा. केवळ मन रमावं, चार नव्या गोष्टी पाहाव्यात म्हणून घराबाहेर पडणं त्याला ठाऊक नव्हतं, असं हे म्हणणं आहे. नवरा-बायकोनं जोडीनं हिंडणं तर दूरच राहिलं. हे म्हणणं मला पटत नाही, आणि ते तपासायला अमडापूरसारखं गाव फार उपयोगाचं आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं, खामगाव-चिखली रस्त्यावरचं हे गाव. बल्लाळदेवीचं ठाणं म्हणून त्याची पंचक्रोशीत ओळख आहे. ना थंड हवेचं ठिकाण, ना रेल्वेचं जंक्शन. अशा गावातल्या माणसांनी आपली सवड कुठे आणि कशी घालवली याचा माग काढला, तर असं दिसतं की फिरण्याचा आनंद इथे साहेबाच्या कितीतरी आधीपासून होता. साहेबानं आणली ती एकच गोष्ट: हा आनंद देव, बाजार आणि नातेवाईक यांच्यापासून वेगळा काढून, त्याला स्वतःचं नाव आणि स्वतःची जागा देणं.

आधी साहेबाची बाजू पाहू. परक्या मुलखात राहणारी माणसं सुट्टी कशी घालवतात, याचे दाखले वऱ्हाडात भरपूर आहेत. 1823 साली हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं चिखलदरा ‘शोधलं’ आणि पुढे वऱ्हाडातल्या गोऱ्या अंमलदारांच्या उन्हाळ्याची सोय झाली. त्याच 1823 साली अलेक्झांडर नावाचा अधिकारी लोणारच्या सरोवरावर पोचला आणि युरोपीय कागदपत्रांत लोणारची नोंद झाली. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. पुढे जिल्ह्याचं ठाणं म्हणून बुलडाणा निवडलं गेलं, त्यात घाटमाथ्यावरच्या थंड हवेचा वाटा मोठा होता. म्हणजे अमडापूरचा माणूस आजही ज्या गावी दाखले काढायला आणि कोर्टाच्या तारखांना जातो, ते गाव ठाणं झालं त्यामागे परक्या कुटुंबांच्या सुखाचा विचार होता. पण या प्रत्येक ठिकाणी आधी काय होतं? लोणारचा उल्लेख अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत आहे. तिथे दैत्यसूदनाचं देऊळ होतं, गोमुखाची धार होती, कमळजादेवी होती, आणि स्नानाला लोक शतकानुशतकं येत होते. चिखलदऱ्याच्या डोंगरावर कोरकू आणि गवळी राहत होते, भीमकुंडाची कथा सांगितली जात होती. चीनमध्येही हेच घडलं. यांगत्सेच्या खोऱ्यातल्या उकाड्याला कंटाळलेल्या मिशनरी आणि व्यापारी कुटुंबांसाठी एडवर्ड लिटल यानं 1895 च्या सुमारास लूशान डोंगरावर कूलिंग ही वसाहत उभी केली. दगडी बंगले, चर्च, फिरायच्या वाटा असं सगळं तिथे आलं. पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी चौथ्या शतकातला तुंगलिन विहार होता, आणि तांग काळातले कवी त्या डोंगराच्या ओढीनं येऊन गेले होते. परक्या जोडप्याला जे निर्जन वाटलं, ते स्थानिकांच्या येण्याजाण्यानं मळलेलं होतं. त्या येण्याजाण्याला सुट्टी म्हणत नव्हते, एवढंच.

अमडापूरच्या बाजूनं पाहिलं तर हे येणंजाणं नीट उलगडतं. हे गाव घाटावरचं, आणि खामगाव घाटाखालचं. कापसाच्या हंगामात घाटावरच्या गाड्या खामगावच्या बाजाराकडे उतरायच्या. खामगावचा कापूस बाजार एवढा भरभराटीला आला होता की जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा 1870 सालीच सुरू झाला. गाडीवान कापूस घेऊन उतरायचा ते पोटासाठी, यात शंका नाही. पण रात्रीचा मुक्काम, वाटेवरच्या पाणवठ्यावर इतर गावच्या गाड्यांशी पडणारी गाठ, बाजाराच्या गावातला तमाशा, परतीच्या वाटेवर घरच्यांसाठी घेतलेला खाऊ आणि लुगडं हेही त्याच प्रवासात होतं. मालासाठी साधी गाडी, आणि माणसांसाठी, विशेषतः बायकांसाठी, दमणी किंवा छकडा. जत्रेला निघताना बैलांना झुली आणि घुंगुरमाळा घालायच्या, कुणाची जोडी पुढे जाते याची ईर्षा लावायची. शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, आवड याच बैलगाडीच्या कौतुकातून वाढली. आणि जत्रा! देवदर्शनाला लागतो घटकाभर वेळ. उरलेला अख्खा दिवस रहाटपाळण्याचा, रेवड्या-गोडीशेवेचा, कासाराकडे बांगड्या भरण्याचा, कुस्त्यांचा, पुढे पुढे तंबूतल्या सिनेमाचा. जत्रेला गेलेल्या माणसाचा दिवस कशात गेला याचा हिशेब मांडला, तर देवाच्या वाट्याला त्यातला लहान भागच येतो. तरीही जाण्याचं कारण विचारलं तर उत्तर ‘देवीला गेलो होतो’ हेच. या उत्तरामुळे अभ्यासक फसले आहेत.

जोडप्याचा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. एकत्र कुटुंबात सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी चार शब्द बोलायची चोरी असलेल्या बाईला नवऱ्याबरोबर घराबाहेर पडायला धर्मानं एक मोकळी वाट ठेवली होती. लग्नानंतर कुलदैवताला जोडीनंच जायचं असतं. वऱ्हाडातली अनेक घराणी माहूरच्या रेणुकेला, तुळजापूरच्या भवानीला, जेजुरीच्या खंडोबाला मानतात. घाटावरच्या गावातून माहूर किंवा तुळजापूर म्हणजे गाडीरस्त्यानं कित्येक मुक्कामांचा प्रवास. सोबत दीर, नणंद, एखादी म्हातारी असायचीच, एकांत असा नसायचा. पण घरचा दंडक सैल व्हायचा, नवी गावं दिसायची, नवऱ्याबरोबर एका ताटवाटीनं प्रवास व्हायचा. मूल झालं की नवस फेडायला पुन्हा जोडीनं. सत्यनारायणापासून कन्यादानापर्यंत जोडीशिवाय पुरं न होणारे विधी आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातले जे प्रवास घडवणारे होते, ते बाईच्या आयुष्यातले सगळ्यात दूरचे प्रवास ठरले. नवरा-बायकोनं फक्त जग पाहायला म्हणून निघावं, ही गोष्ट विदर्भात वरच्या थरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांचं ‘आमचा जगाचा प्रवास’ हे पुस्तक 1915 चं. मराठी बाईनं लिहिलेल्या सुरुवातीच्या जगप्रवासवर्णनांत त्याला मानाचं स्थान दिलं पाहिजे. पण चिटणविसांचं घराणं नामांकित आणि सधन होतं. अमडापूरच्या कुणब्याच्या किंवा माळ्याच्या घरात त्या काळी अशा प्रवासाला ना पैसा होता ना परवानगी. परवानगीचं काम देवी करत होती.

यावर पहिली हरकत अशी घेतली जाते की जत्रा हा मुळात व्यापार होता आणि करमणूक त्याची पुरवणी. सरकारी कागद या हरकतीच्या बाजूनं साक्ष देतात हे खरं. 1870 चं लायलचं वऱ्हाडचं गॅझेटिअर असो की 1910 चं नेल्सनचं बुलडाणा जिल्ह्याचं, अशा ग्रंथांना बाजार आणि जत्रा दिसतात त्या उलाढालीच्या अंगानं: किती गुरं विकली, किती माणूस जमलं. पण कारभाऱ्याला जे मोजायचं होतं तेच त्यानं मोजलं. त्याला महसूल हवा होता आणि साथीची भीती होती. 1897 चा साथीचा कायदा झाल्यावर जत्रा रोखण्याचे अधिकार सरकारकडे आले, आणि पटकी-प्लेगच्या वर्षी जत्रेतली गर्दी ही सरकारला काळजीची गोष्ट झाली. काळजी करणाऱ्याच्या नोंदवहीत आनंदाचा रकाना नसतो. 1961 च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांवर स्वतंत्र खंड निघाला. तेव्हा कुठे या गोष्टींकडे लोकजीवन म्हणून पाहायला सुरुवात झाली, आणि तोवर बैलगाडीचा काळ सरत आला होता.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि तिला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. ही सवड सगळ्यांची होती का? नव्हती. ज्यांना देवळाची पायरी चढायची बंदी होती, त्यांना जत्रेत जागा मिळाली तर कडेला मिळाली, अनेकदा वाजवण्यासाठी आणि झाडण्यासाठी मिळाली. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीनं वऱ्हाडात हा प्रश्न उघडपणे उभा केला, आणि त्यासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर होते. बाईच्या बाबतीतही जत्रेला जाणं म्हणजे चूल बंद असं नव्हतं. तीन दगडांची चूल गाडीतळावर मांडायची तीच, आणि भाकरी थापायची तीच. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात तर वऱ्हाडातल्या गरिबाचा प्रवास खडी फोडायच्या कामापर्यंत होता. तेव्हा जुन्या जत्रेचं सोवळं चित्र रंगवण्यात अर्थ नाही. पण या हरकतीतूनच माझ्या मुद्द्याला सगळ्यात भक्कम पुरावा मिळतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. विदर्भातल्या बौद्ध समाजानं जुने देव आणि जुन्या यात्रा सोडल्या. पण दरवर्षी दीक्षाभूमीला, आणि 6 डिसेंबरला मुंबईच्या चैत्यभूमीला सहकुटुंब जाण्याची प्रथा उभी राहिली. बुलडाणा जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं शिदोरी बांधून निघतात, अभिवादन करतात, पुस्तकं घेतात, गाणी ऐकतात, शहर पाहतात, सोयऱ्यांना भेटतात. श्रद्धेचा आशय पूर्ण बदलला, आणि तरी सगळ्यांनी मिळून लांब जाण्याची, त्या जाण्यात ज्ञान आणि आनंद एकत्र घेण्याची रीत टिकली. ती निव्वळ कर्मकांडाचा भाग असती तर कर्मकांडाबरोबरच गेली असती. सैलानीचंही तेच. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यावर जमणाऱ्या लोकांत हिंदू आणि मुसलमान असा हिशेब कोणी ठेवत नाही. पंथ कोणताही असो, घाटावरचा माणूस निघतो.

वाहनं बदलली तसा या प्रवासाचा आवाका वाढला. भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे 1860 च्या दशकात जिल्ह्याच्या उत्तर अंगानं गेली, आणि शेगाव स्टेशनाचं गाव झालं. तिथे 1878 मध्ये गजानन महाराज प्रकट झाले, 1910 मध्ये समाधिस्थ झाले. शेगावला पुढे जे रूप आलं त्यात तिसऱ्या वर्गाच्या डब्याचा वाटा मोठा आहे. अमडापूरला मात्र रेल्वे आली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासून आहे आणि ती अजून मागणीच आहे. इथलं खरं वाहन एस.टी. 1961 मध्ये महामंडळ झालं आणि पुढच्या दोन दशकांत मुक्कामी गाड्या खेड्यापाड्यांत पोचल्या. त्यानंतर माहूरचे मुक्काम संपले, आणि शेगाव तर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतकं जवळ आलं. जत्रेच्या जादा गाड्या हा एस.टी.च्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. सामान्य माणसाच्या फिरण्यावर सार्वजनिक वाहतूक कशी जगते, हे यातून दिसतं.

तिसरी हरकत आजची आहे. यात्रेचं नाव ही जुनी अडचण होती. आता मोकळीक आहे, तेव्हा लोक हळूहळू निखळ पर्यटनाकडे जातील, असं म्हटलं जातं. चीनचा अनुभव इथे तपासण्यासारखा आहे. तिथे क्रांतीनंतर, विशेषतः 1966 नंतरच्या दशकात, देवळांच्या जत्रा जवळजवळ मोडून काढल्या होत्या. पुढे 1995 मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला, 1999 मध्ये सरकारनं आठवडाभराच्या सुट्ट्या जाहीर केल्या, आणि कोट्यवधी माणसं एकाच वेळी प्रवासाला निघू लागली. सुट्टी सरकारनं दिलेली, हेतू बाजारपेठ वाढवण्याचा. तरीही वसंतोत्सवातल्या देवळांच्या जत्रा परतल्या आहेत. लोक उदबत्ती लावतात, खातात, नाच पाहतात, मुलांना खेळणी घेतात. तिथे नोकरीनिमित्त राहणारी परदेशी जोडपी ज्या ऐतिहासिक स्थळांची छायाचित्रं काढतात, तिथे शेजारीच ही घरगुती मजा चाललेली असते. आपल्याकडे शेगावच्या संस्थाननं समाधीमंदिराबरोबर आनंद सागर हा विस्तीर्ण बगीचा उभा केला, तळं आणि मुलांची झुकझुक गाडीसुद्धा ठेवली. ज्या देवस्थानानं भाविकाच्या मनातली ही जोड ओळखली, त्याला मी द्रष्टं म्हणेन. दर्शन आणि सहल यांत वैर आहे, ही कल्पनाच बाहेरची आहे.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाच्या बाजूनं जातो, आणि उद्घाटनासाठी निवडलेल्या टप्प्याचं एक टोक देवस्थान आहे. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मं तिकीट झालं, आणि बायका-बायकांचे गट देवदर्शनाला निघू लागले. आता नवऱ्याची सोबतही सक्तीची राहिली नाही. ज्या बाईच्या आजीला लांब जायला लग्नाची गाठ लागली, ती नात मैत्रिणींबरोबर निम्म्या तिकिटात शेगाव, माहूर, शिर्डी करते. तरीही जिल्ह्याच्या पर्यटनाचा विचार सुरू झाला की तो लोणारच्या विवरापाशी आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यापाशी थांबतो. बल्लाळदेवीला, सैलानीला, मेहकर आणि देऊळगावराजाच्या बालाजीला पायी, एस.टी.नं, टेम्पोनं जाणारी माणसंही पर्यटकच आहेत, आणि संख्येनं तीच जास्त आहेत. त्यांच्यासाठी जत्रेच्या गावी बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह, उन्हात बसायला सावली, पिण्याचं पाणी आणि रात्रीची परतीची गाडी एवढं मिळालं, तर पर्यटनाच्या नावानं खर्च झालेला तो पैसा या जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोचलेला असेल.