सोंग आणि आकडे

घरातला मुलगा किंवा नातू संगणकापुढे बसलेला असतो. काय चाललंय म्हणून विचारलं, तर पडद्यावरची नजर न काढता तो सांगतो, ‘आरपीजी खेळतोय.’ आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम, भूमिका घेऊन खेळायचा खेळ. इथे एक साधी शंका मनात येते. मोटारींच्या शर्यतीच्या खेळात आपण चालक असतो, क्रिकेटच्या खेळात फलंदाज असतो, मारिओच्या खेळात तर चक्क नळ दुरुस्त करणारा असतो. मग भूमिका नसलेला खेळ कुठला? आणि असं असताना मोजक्याच खेळांना ‘भूमिकेचे खेळ’ का म्हणायचं? शंका भाबडी आहे. पण तिचं उत्तर देताना या खेळांचे जाणकारही अडखळतात. ते उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सन १८२४. प्रशियाच्या सैन्यातल्या गेओर्ग फॉन राइसविट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा एक खेळ तयार केला. नकाशावर ठोकळे मांडायचे, दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम द्यायचे आणि त्यांचा परिणाम काय झाला, हे फासे टाकून आणि कोष्टकं पाहून ठरवायचं. या खेळात दोन प्रतिस्पर्ध्यांखेरीज एक तिसरा माणूस होता, पंच. हुकूम त्याच्याकडे जायचे आणि कुणाला काय दिसलं, काय घडलं, हे तोच सांगायचा. आपल्या कथेतलं हे पहिलं पात्र. त्याला लक्षात ठेवा.

पुढे युद्धाचे हे खेळ हौशी मंडळींच्या हाती आले. सन १९६९मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह वेस्ली नावाच्या तरुणाने एक वेगळा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव. प्रत्येक गड्याला सैन्याची तुकडी देण्याऐवजी त्याने काही जणांना एकेक व्यक्ती दिली. कुणी महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई सुरू होण्याआधीच मंडळी आपसात खलबतं करू लागली, कोपऱ्यात जाऊन सौदे करू लागली. लढाई राहिलीच बाजूला. वेस्लीला वाटलं, आपला डाव फसला. खेळणारे मात्र पुन्हा कधी खेळायचं, असं विचारत होते.

त्या खेळणाऱ्यांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने १९७१च्या सुमारास ब्लॅकमूर नावाचं एक अद्भुत राज्य कल्पिलं. तिथे एका डावातलं पात्र दुसऱ्या डावात तसंच पुढे चालू राहायचं, अनुभवाने अधिक बळकट व्हायचं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स राहत होता. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर पादत्राणं दुरुस्त करून तो संसार चालवत होता. या दोघांनी मिळून १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती आणि तिची खोकी घरच्या घरी हातांनी भरलेली होती.

या खेळात दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. पहिली आकड्यांची. तुमच्या पात्राची ताकद किती, बुद्धी किती, अंगावर किती घाव सोसेल, अनुभवाचे गुण किती जमले, कितव्या पायरीवर चढला, हे सगळं कागदावर लिहिलेलं असे. दुसरी गोष्ट त्या पंचाची. तो टेबलाच्या टोकाला बसून सांगायचा, ‘समोर बंद दार आहे. आतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येतोय. आता काय करणार?’ यावर तुम्ही दार फोडा, दारावर टकटक करा, गाणं म्हणा किंवा परत फिरा. तुम्ही काय वाटेल ते म्हणालात, तरी त्याला उत्तर द्यायला समोर जिवंत माणूस होता.

मग हा खेळ संगणकावर गेला, आणि लगेचच गेला. इलिनॉय विद्यापीठात शिक्षणासाठी ‘प्लेटो’ नावाची संगणक यंत्रणा होती. तिच्यावर १९७५मध्ये विद्यार्थ्यांनी भुयारात उतरण्याचे खेळ लिहिले. त्यातल्या एकाचं नाव ‘पेडिट५’ असं रूक्ष होतं. खेळ आहे हे व्यवस्थापकांच्या ध्यानात येऊ नये, म्हणून ते तसंच ठेवलेलं. तरी तो खेळ सापडायचा, पुसला जायचा आणि पुन्हा उगवायचा. सन १९८१मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ हे दोन खेळ घरगुती संगणकांवर आले. जपानच्या युजी होरी यांनी त्या दोन्हींपासून धडे घेतले, सगळा मामला सोपा केला आणि १९८६मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ तयार केला.

पण या स्थलांतरात एक गोष्ट मागे राहिली. संगणक म्हणजे हिशेबाचा पक्का. बेरीज-वजाबाकी, फासे, कोष्टकं त्याने आनंदाने स्वीकारली. पंच मात्र त्याला जमला नाही. रडण्याचा आवाज ऐकून तुम्ही गाणं म्हणालात, तर काय करायचं, हे त्याला कुठून कळणार? म्हणून सुरुवातीच्या खेळांत उरलं ते एवढंच: राक्षस मारा, गुण मिळवा, पायरी चढा, मोठा राक्षस मारा. अनेकांच्या मनात व्याख्या बसली तीही तीच. आकडे वाढतात, म्हणून हा भूमिकेचा खेळ!

ही अडचण रिचर्ड गॅरियटला जाणवली. ‘अल्टिमा’ त्याचाच. त्याच्या लक्षात आलं की खेळणारे जगाचा उद्धार करायला निघतात आणि वाटेत दुकानदारांना लुटतात, गावकऱ्यांना मारतात. खेळ त्यांना वीरच म्हणतो. मग १९८५च्या ‘अल्टिमा ४’मध्ये त्याने शेवटचा खलनायकच काढून टाकला. जिंकायचं म्हणजे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं. शब्द आपलाच. या खेळात वनौषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे द्यायचे, ते आपणच सांगायचं. कमी दिले, तर ती काही बोलत नाही. पण आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो, आणि तो पडद्यावर दिसतही नाही. भिकाऱ्याला दान दिलं, तर करुणेचा आकडा वाढतो. हिशेब तोच, यंत्र तेच. पण आता मोजलं जात होतं ते आपलं वागणं.

पुढची पायरी १९९७च्या ‘फॉलआउट’ने गाठली. तिथे पात्र घडवताना बुद्धीला दहापैकी तीनच गुण दिले, तर त्या पात्राला धड वाक्यच बोलता येत नाही, आणि लोकही त्याच्याशी तसेच वागतात. म्हणजे कागदावरच्या आकड्याने सोंग ठरवलं आणि सोंगाने कथा बदलली. उलट २००७मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ या बंदुकीच्या खेळातही, अनेकांनी मिळून खेळताना, अनुभवाचे गुण आणि चढत्या पायऱ्या आल्या. तरी त्याला कुणी भूमिकेचा खेळ म्हटलं नाही. नुसते आकडे पुरत नाहीत, याचा याहून चांगला पुरावा नको. सन २०१९च्या ‘डिस्को एलिझियम’मध्ये तर लढाईची वेगळी व्यवस्थाच नाही. नायकाचे चोवीस गुण त्याच्याच डोक्यात बसून त्याच्याशी वाद घालतात. हा भूमिकेचा खेळ आहे, याबद्दल मात्र फारशी शंका कुणाला आली नाही.

तेव्हा व्याख्या करायचीच, तर मी अशी करीन: ज्या खेळात ‘आता काय करणार?’ असं विचारलं जातं, आपण कोण आहोत यावर आपल्याला काय करता येईल हे ठरतं, आणि दिलेलं उत्तर खेळ विसरत नाही, तो भूमिकेचा खेळ. आकडे म्हणजे त्या स्मरणशक्तीची वही. अर्थात पडद्यावरचा पंच अजून अपुराच आहे. सन २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडतो, निवडीला शेकडो वाटा असतात, पण त्या सगळ्या कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या. टेबलाशी बसलेल्या माणसासमोर न लिहिलेली वाटही चालता येत असे.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. या खेळांत पैशाचंही सोंग आणता येतं. सोन्याच्या मोहरांनी थैली भरलेली असते. त्या आंधळ्या बाईला आपण त्यातल्या किती मोजून देतो, एवढंच काय ते आपलं खरं असतं. नातवाला पुढच्या वेळी कितव्या पायरीवर पोचलास, असं विचारू नका. तिथे तू कोण आहेस, असं विचारा. मग तो कदाचित पडद्यावरून नजर काढेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)