लोखंडाची हुमाणी

कोडी, उखाणे आणि हुमाणी घालण्याची हौस आपल्या समाजास फार जुनी आहे. जात्यावर बसलेल्या स्त्रिया, शेतावरून परतलेले कुणबी, देवळाच्या अग्रशाळेत उतरलेले यात्रेकरू ह्या सर्वांनी आपापल्या अनुभवातून हुमाणी रचली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली. पण हुमाण्यांचा एक प्रकार असा आहे की, त्यात शब्दच नसतात. ओळख हरवलेले एखादे गंजके हत्यार चार कारागिरांच्या मध्ये ठेवावे आणि 'हे कशाचे?' एवढेच विचारावे. लोहारांच्या संगतीत हा खेळ जसा रंगतो तसा अन्यत्र क्वचितच रंगत असेल. एक म्हणतो, हे चांभाराचे. दुसरा म्हणतो, माळ्याचे. तिसरा थट्टेने म्हणतो, कुणा सासूने सुनेसाठी मुद्दाम घडवून घेतलेले दिसते! हशा पिकतो. पण हसता हसताच प्रत्येकाचा हात त्या वस्तूकडे जातो, अंगठा तिच्या कडेवरून फिरतो आणि थट्टेची जागा विचार घेतो. ह्या खेळात इतिहास जाणून घेण्याची एक पद्धतीच दडलेली आहे. तिचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणती, हे येथे पाहावयाचे आहे.

हा अधिकार लोहाराकडे का आला, ह्याचे कारण आपल्या ग्रामरचनेत सापडते. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' ह्या ग्रंथात बलुतेदारीचे विस्तृत वर्णन आहे. लोहार हा त्या बलुतेदारांपैकी एक. त्याला प्रत्येक कामाची मजुरी रोख मिळत नसे; सुगीच्या वेळी कुळांकडून धान्याच्या रूपाने बलुते मिळे. ह्या व्यवस्थेत उच्चनीचतेचे दोष पुष्कळ होते आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. हत्यार घडविणारा आणि ते वापरणारा ह्यांची गाठ वर्षानुवर्षे पडत असे. नांगराचा फाळ बोथट झाला की तो लोहारसाळेत येई; कुळवाची पास झिजली, कुऱ्हाडीची धार उडाली, गाडीच्या चाकाची धाव सैल झाली, तरी वाट तीच. कोणते लोखंड कोणत्या कामात, कोठे आणि किती झिजते, हे लोहाराच्या डोळ्यांपुढे नित्य घडत असे. गावातील सर्व धंद्यांची हत्यारे ज्याच्या ऐरणीवरून जात, त्याने सर्व धंद्यांची भाषा थोडीबहुत शिकावी, ह्यात नवल ते काय?

आता खेळाची रीत पाहू. अनोळखी वस्तू हाती आली म्हणजे जाणता लोहार ती प्रथम तोलून पाहतो. वजन पुढच्या टोकाकडे असेल तर ती घाव घालण्यासाठी असावी. मुठीकडे असेल तर तासण्यासाठी वा कापण्यासाठी. मग तो माथा पाहतो. माथा ठोके खाऊन पसरला असेल, तर हत्यारावर हातोडा पडत असे, हे उघड झाले. नंतर धार. एकाच अंगाने उतरती असेल तर ती साल काढते, दोन्ही अंगांनी उतरती असेल तर ती फोडते. कानशीने घासून पाहिले असता फक्त धारेपुरते पोलाद आणि बाकी अंग मऊ लोखंडाचे निघाले, तर घडविणाऱ्याने महागडे पोलाद जपून जेथे हवे तेथेच जोडले, असे समजते. आणि जेथे पोलाद तेथे काम, हा त्याचा अर्थ. शेवटी झीज. एका बाजूची झीज वापरणारा उजवा होता की डावरा, हेही सांगून जाते. घडविणाऱ्याचा हात आणि वापरणाऱ्याचा हात, असे दोन हात प्रत्येक हत्यारावर उमटलेले असतात. ते निरनिराळे वाचता येणे, हेच ह्या खेळातील कौशल्य होय.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. शेतात नांगरताना कधी कधी अर्धचंद्राकृती, चपटी, भोके पाडलेली लोखंडी पट्टी सापडते. पाहणारा ती घोड्याची मोडकी नाल समजून फेकून देतो. पण तिच्या दोन्ही कडा अखंड असतात. ती मोडलेली नसतेच. ती बैलाच्या खुराला मारावयाची पत्री असते. घोड्याचा खूर एकसंध, म्हणून त्याला पायागणिक एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायास दोन पत्र्या, चार पायांस आठ. घोडा उभ्यानेच पाय उचलून देतो. बैलाला मात्र दोरखंड बांधून आडवा पाडावा लागतो. खडीच्या सडकेवरून ओझ्याची गाडी ओढणाऱ्या बैलांचे सारे कष्ट त्या इवल्याशा पत्रीत साठलेले असतात.

दुसरे उदाहरण चकमकीचे. बोटांत धरता येईल असा वळणदार लोखंडी तुकडा, त्याची एक कड सरळ. पण ती धारदार नव्हे. येथे नवखा फसतो आणि त्या तुकड्यास एखाद्या कडीचा वा कुलपाचा भाग ठरवतो. लोहार मात्र कानस लावून पाहतो. कानस घसरते, म्हणजे पोलादास पाणी दिलेले आहे. कापावयाचे नाही, टोचावयाचे नाही, ठोकावयाचेही नाही. मग एवढा कठीणपणा कशासाठी? ह्या एका प्रश्नातच उत्तर आहे. ती कड गारगोटीवर घासून आपटावयाची, उडालेली ठिणगी कापसावर झेलावयाची आणि फुंकर घालून विस्तव करावयाचा. इंग्लंडात जॉन वॉकर ह्याने १८२७ साली घर्षणाने पेटणारी काडी विकावयास आणली. पुढे काडेपेटी घरोघर पोहोचली आणि चकमक कोनाड्यातून अडगळीत गेली. ज्या वस्तूवाचून चूल पेटत नसे, ती दोन-तीन पिढ्यांत कोडे होऊन बसली.

तिसरी वस्तू अधिक भयंकर दिसते. एका कडीत अडकविलेले, चहूकडे वळलेले अनेक आकडे. तिला कोणी शिक्षेचे साधन म्हणतो, कोणी मासे धरण्याचे. वस्तुतः तो विहिरीचा गळ. दोर तुटून बुडालेली कळशी वा बादली काढण्यासाठी तो पाण्यात सोडीत आणि तळाशी फिरवीत. लोहार हे कशावरून ओळखील? आकड्यांची टोके तीक्ष्ण केलेली नसतात, आणि माशाला निसटू न देणारा उलटा काटा त्यांना नसतो. जे भोसकावयाचे नाही, केवळ अडकवावयाचे आहे, त्यासाठीच अशी टोके घडवितात.

गोमंतकातील वाचकांस चौथे उदाहरण जवळचे वाटेल. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराची काती. पाते रुंद, वाकडे आणि इतके पातळ की, त्याने लाकूड तोडू गेल्यास धार क्षणात उडेल. गवत कापण्यास विळा आहे, नारळ फोडण्यास कोयता आहे. मग एवढी नाजूक धार कोणासाठी? ती माडाच्या पोयीसाठी. पोयीचे टोक दररोज अगदी पातळ कापावे लागते. पाते बोथट असेल तर पोय चिरडते आणि सूर गळावयाचा थांबतो. रेंदेर दिवसातून अनेकदा माडावर चढे, आणि त्याचे पोट त्या धारेच्या पातळपणावर अवलंबून असे.

येथवर वाचकांस वाटेल की, पुरेशा बुद्धीने प्रत्येक लोखंडी कोडे सुटलेच पाहिजे. पण तसे होत नाही. मध्य भारतातील आपल्या बांधवांच्या शेजारीच ह्याचे प्रचंड उदाहरण पडलेले आहे. पवारांच्या धार नगरीत मोडलेल्या लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. तिन्ही मिळून लांबी सुमारे १३ मीटर, आणि वजन ७ टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. दिल्लीजवळ मेहरौली येथील सुप्रसिद्ध लोहस्तंभ सुमारे ७ मीटरांचा आहे, एवढ्यावरून धारच्या कामाची कल्पना यावी. परमार राजा भोज ह्याच्या काळाशी, म्हणजे अकराव्या शतकाशी, त्याचा संबंध जोडतात. तो कसा घडविला हे लोखंडच सांगते: तापविलेले लहान लहान गोळे एकमेकांवर ठोकून सांधीत नेले आणि त्यांतून चौकोनी व अष्टकोनी खांब सिद्ध झाला. अंगावर ठिकठिकाणी भोके आहेत. तापलेला अजस्र गोळा फिरविण्यासाठी त्यांत पहारी घालीत असावेत, असे एक मत आहे.

परंतु तो उभारला कशासाठी? कोणी त्यास जयस्तंभ म्हणतात, कोणी देवालयासमोरचा ध्वज वा त्रिशूळ धारण करणारा स्तंभ. गुजरातचा सुलतान बहादूरशहा तो नेऊ लागला असता तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे; आणि त्यातील मोठा तुकडा आग्र्यास नेऊन अकबराच्या कबरीपाशी त्यावर दिवा लावावा, अशी आज्ञाही त्याने केली. तुकडे धारेतच राहिले. लोकांनी तर ह्या सर्वांवर ताण केली. गांगली नावाची एक अचाट तेलीण होती, हा खांब म्हणजे तिच्या तराजूची दांडी आणि आसपासचे धोंडे ही तिची वजने, अशी कथा तेथे सांगतात. तेलाच्या घाण्यात फिरणाऱ्या खांबासही लाट म्हणतात. तेव्हा 'लाट' पाहून लोकांस तेलीण आठवली असल्यास आश्चर्य नाही. बादशहा, विद्वान आणि गावकरी सर्व ह्या हुमाण्यापुढे बसले, आणि प्रत्येकाने आपापल्या मनातील वस्तू त्यात पाहिली.

धारच्या स्तंभाचा बोध हा की, वस्तूची घडण लोखंडावर लिहिलेली असते; वस्तूचे प्रयोजन मात्र माणसांच्या स्मरणात असते. लोखंड हजार वर्षे टिकते. स्मरण सांगणाऱ्याबरोबर जाते. पत्री, चकमक, गळ आणि काती ही कोडी सुटतात, ती लोहाराच्या बुद्धीमुळे खरी. पण त्याहून अधिक म्हणजे ती वापरणारे कोणी ना कोणी अजून आठवणीत आहेत म्हणून.

हे स्मरण विसाव्या शतकात झपाट्याने तुटत गेले. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून प्रारंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका तेव्हा शेतकरी घेत असत, असे सांगतात. ती शंका व्यर्थ ठरली आणि शेतीचे हितच झाले. परंतु कारखान्यातील ओतीव लोखंड ऐरणीवर घडत नाही. घणाखाली ते फुटते. झिजलेला भाग बदलावयाचा तर तो दुकानातून आणावयाचा. फाळाबरोबर शेतकऱ्याची लोहारसाळेतील खेपही कमी झाली, आणि कोणाचे हत्यार कोठे झिजते हे पाहणारा डोळा हळूहळू मिटत चालला.

हे ओळखून वेळीच धावलेली माणसेही झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातील हेन्री मर्सर हा पुरातत्त्वाचा अभ्यासक १८९७ साली जुन्या चुलखंडासाठी एक चिमटा शोधीत मोडीच्या ढिगापाशी गेला. त्या अडगळीत त्याला चरखे, दोर वळण्याची यंत्रे, गवताची मधमाशांची पोवळी अशा वस्तू दिसल्या, आणि आपण जमिनीखाली जो इतिहास खणतो तो येथे उघड्यावर पडला आहे, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने हजारो हत्यारे जमविली आणि त्यांच्यासाठी १९१३ ते १९१६ ह्या काळात डॉइल्सटाऊन येथे काँक्रीटचे भव्य संग्रहालय बांधले. त्याच देशात १९३३ साली जुन्या हत्यारांच्या अभ्यासकांनी एक संस्था स्थापिली. तिच्या मेळाव्यांत अनोळखी वस्तू पुढे ठेवून 'हे काय?' असे विचारण्याची प्रथाच पडली आहे. आपल्याकडे पुण्यात दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासी' ह्यांनी, अडकित्ते, दिवे, कुलपे अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा ह्या पुत्राच्या नावे त्यांचे संग्रहालय केले. गोमंतकात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स ह्यांनी २००९ साली उघडलेल्या 'गोवा चित्र' संग्रहालयात शेतीची व कारागिरीची चार हजारांहून अधिक साधने आहेत.

तथापि सर्व भार संग्रहालयांवर टाकून भागणार नाही. आपल्या देवस्थानांच्या कोठारांत, जुन्या घरांच्या माळ्यांवर, च्यारींच्या आणि लोहारांच्या बंद पडलेल्या साळांत कितीतरी लोखंड पडून आहे. पालखीचे, रथाचे, मशालीचे जुने सामान, समयांच्या साखळ्या, चाव्या हरवलेली कुलपे ही मोडीत काढणे सोपे असते. आणि एकदा भट्टीत गेलेले हुमाणे पुन्हा कोणी घालू शकत नाही. आपल्या परंपरेने ह्यासाठी दिवसही नेमून दिलेला आहे. खंडेनवमीस आपण शस्त्रे व हत्यारे पुसून पूजेस मांडतो. विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपैकी मनू हा लोहकर्माचा धनी, असे शिल्पपरंपरा मानते. त्याचेही स्मरण त्या दिवशी होते. त्याच दिवशी घरातील अथवा देवस्थानातील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून प्रत्येक वस्तूचे गावातील नाव, ती कोण वापरीत असे आणि कशी धरीत असे, एवढे तीन रकाने वहीत उतरून घ्यावेत. मराठी नाव आणि कोंकणी नाव निराळे असेल तर दोन्ही लिहावीत. फूल वाहण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून थोडाच अधिक वेळ लागेल. आणि आपल्या नातवंडांना त्या हत्यारांचे प्रयोजन नुसत्या तर्काने शोधीत बसावे लागणार नाही.