टोपीवरील पांढरा गरुड

कामठीस जाऊन आलेल्या नागपूरकरांस टोपीवरील गरुड अपरिचित नाहीं. तेथें ज्या गार्ड्स रेजिमेंटचें केंद्र आहे, तिचें चिन्ह गरुडच होय. आणि तो कोणाचें वाहन हें आपल्याकडे लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. परंतु जुन्या लष्करी चिन्हांच्या संग्रहांत कधीं कधीं दुसराच एक गरुड आढळतो. पंख वर उभारलेले, मान एका बाजूस वळलेली, पायांखालीं अर्धचंद्राच्या घाटाची लहानशी ढाल, आणि मस्तकावर असला तर मुकुट. हा पोलंडचा पांढरा गरुड. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या छत्राखालीं लढणाऱ्या लोकांचीं बायकामुलें थेट आपल्या कोल्हापुराच्या आश्रयास आलीं होतीं. तेव्हां त्याची पारख कशी करावी याविषयीं चार शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं.

असें चिन्ह हातीं आलें कीं नवशिका संग्राहक त्याचें तोंड न्याहाळतो; मुरलेला मनुष्य तें आधीं उलटें करतो. पोलिश पद्धत मळसूत्राची. पाठीवर पेंचाचा एक खिळा व त्यावर फिरवून बसविण्याची चकती. इंग्रजी पलटणींच्या चिन्हांस बहुधा दोन कड्या तरी असतात, नाहीं तर टोपींत सरकविण्याची पट्टी. ठशानें उठविलेल्या चिन्हाचीं पिसें रेखीव असतात. वाळूच्या सांच्यांत ओतलेल्याचें अंग खरबरीत आणि पिसें पुसट. सुबक तें अस्सल आणि ओबडधोबड तें नकली, असें मानण्याची आपल्या जुन्या बाजारांत चाल आहे. येथें मात्र ती हमखास दगा देते. जनरल आंडर्स यांचें सैन्य सोव्हिएत रशियांत उभें राहिलें आणि १९४२ सालीं तेथून इराणांत आलें. अंगावर धड कपडे नव्हते, तेथें ठसे व कारखाने कोठले? शिपायांनीं खाद्याच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यांतून गरुड कापले; पुढें मध्यपूर्वेंत व इटलींत ते पितळेचे वा अॅल्युमिनियमचे ओतून घेतले. इंग्लंडांतील पोलिश सैन्यास मात्र तेथील कारखान्यांनीं घोटीव चिन्हें पुरविलीं. तरीही ओबडधोबडपणावर भाळून जाण्यांत अर्थ नाहीं. ओतीव धातु निवतांना आकसतो; म्हणून अस्सल नगावरून सांचा करून काढलेली नक्कल मुळाहून किंचित् लहान भरते. संग्राहकानें भिंगाबरोबर मोजमापाचा कंपासही बाळगावा तो यासाठीं.

परंतु खरी मेख मुकुटांत आहे. १९४३ सालीं ओका नदीकाठीं सेल्त्सी येथें सोव्हिएत आश्रयाखालीं दुसरेंच पोलिश सैन्य उभारण्यांत आलें. त्याच्या गरुडास जुन्या पियास्त राजांच्या समाधीवरील शिल्पाचें वळण दिलें आणि मुकुट काढून टाकला. शिपाई त्याची थट्टेनें ‘कोंबडी’ म्हणून संभावना करीत! शत्रु दोघांचा एकच. पण मुकुटवाला गरुड लंडन येथील निर्वासित सरकारचा, बोडका मॉस्कोच्या पाठिंब्यानें उभ्या राहिलेल्या पक्षाचा.

हा भेद केवळ नाणीं व चिन्हें जमविणाऱ्यांचा नव्हता. कोल्हापुरानजीक वळिवडें येथें १९४३ सालीं पोलिश निर्वासितांची वसाहत वसली. सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक स्त्रिया व मुलें. सोव्हिएत सत्तेनें १९४० व १९४१ सालीं त्यांस पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केलें होतें. पंचगंगेच्या परिसरांत त्यांनीं शाळा चालविल्या, देऊळ उभारलें, बालवीरांचीं पथकें काढलीं. कित्येकींचे पति वा पुत्र आंडर्स यांच्या सैन्यांत इटलींत लढत होते. मग ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटनें लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्साच्या सरकारास दिली. ज्या गांवांतून ही मंडळी निघालीं, तीं गांवेंच आतां पोलंडांत उरलीं नव्हतीं. परत जावें तर कोठें? थोडीं कुटुंबें गेलीं. बाकीचीं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशीं पांगलीं, आणि १९४८ सालीं वसाहत मोडली. कांहींच्या कबरी कोल्हापुरांतच राहिल्या.

मराठी शिपायांस हे गरुड जवळून दिसले असले पाहिजेत. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीं जो पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्याच नदीवर त्याच सुमारास पोलिश सैन्यही चाल करून गेलें. त्या वेळच्या मराठा पलटणींस राजाचा मुकुट पूज्य मानावा लागे. १९५० सालीं हिंदी सैन्याच्या चिन्हांवरून तो उतरला आणि त्या जागीं अशोकाचे सिंह आले. आमच्या येथें मुकुट जाण्यांत स्वातंत्र्य होतें, त्यांच्या येथें तो राखण्यांत.

पोलंडांत तो १९८९ च्या डिसेंबरांत कायद्यानें परत आला. त्यामुळें संग्राहकाचें काम सोपें न होतां उलट वाढलें आहे. त्यानंतर पाडलेले मुकुटधारी गरुडही आतां मिळतात, आणि कांहीं विक्रेते ते महायुद्धांतील म्हणून खपवितात. मुकुट दिसला म्हणून हुरळून न जातां चिन्ह पुन्हां एकदां उलटें करून मळसूत्र पाहावें हें बरें.