तालमीतले बळ आणि गोळीतले बळ



आपल्या नगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) जत्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. पाथर्डीकडे जा, जामखेडकडे जा, की वर अकोल्याच्या डोंगरात जा. दुपार कलली की हलगी घुमू लागते आणि माणसे मैदानाभोवती कडे करून बसतात. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळायच्या बेताला शेवटची मानाची कुस्ती. २०२५ च्या फेब्रुवारीत तर महाराष्ट्र केसरीची अखेरची कुस्ती नगर शहरात वाडिया पार्कवर झाली. पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने गदा मिळविली. तुमच्यापैकी काहीजण तेव्हा मैदानात असतील. पंचांच्या निकालावरून त्या दिवशी केवढा वाद झाला, तेही तुम्हांला ठाऊक आहे. पाठ टेकली की नाही, हा तो वाद.

पाठ टेकली की नाही, हे निदान डोळ्यांना दिसते. पण गड्याच्या अंगातले बळ कोठून आले, हे काही डोळ्यांना दिसत नाही. आज मी या न दिसणाऱ्या गोष्टीचा थोडा इतिहास तुम्हांला सांगणार आहे.

आपल्याकडे बळ कमावण्याची रीत जुनी आणि सरळ आहे. पहाटे उठावे, लाल माती उकरावी, जोर-बैठका माराव्यात, वस्तादाच्या हाताखाली लढती कराव्यात, दूध-बदामाचा खुराक घ्यावा आणि झोपावे. हे एक दिवस नव्हे, दहा-बारा वर्षे करावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव असेच तयार झाले. १९५२ साली ते हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैशांची अडचण होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या पदकामागे तालमीतली वर्षे होती आणि एका गुरुजीचे घर होते.

आता गंमत पहा. खाशाबा परतले त्याच दशकात सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत वेगळेच काही शिजत होते. जॉन झिग्लर नावाचे एक डॉक्टर होते. वजन उचलणाऱ्या खेळाडूंशी त्यांची ऊठबस असे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे एक द्रव्य आपोआप तयार होते. मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो, दंड भरतात, ते याच द्रव्यामुळे. सीबा या औषध कंपनीने त्याच्या नमुन्यावर एक गोळी बनविली आणि १९५८ साली ती अमेरिकेत विक्रीला आणली. गोळीचे नाव डायनाबॉल, आणि आतल्या द्रव्याचे नाव मेथॅन्डिएनोन. हे दुसरे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा यायचे आहे.

झिग्लर यांनी खेळाडूंना ही गोळी थोड्या मात्रेत दिली. खेळाडूंनी पाहिले की वजन झपाट्याने वाढते. मग काय विचारता! एकीच्या जागी दोन, दोनच्या जागी चार असे करीत त्यांनी डॉक्टरांना न सांगता मूठमूठ गोळ्या खाल्ल्या. पुढे झिग्लर यांना या गोष्टीचा मोठा पश्चात्ताप झाला. पण तोवर गोळी गावभर झाली होती.

ऑलिंपिकमध्ये उत्तेजक द्रव्यांची तपासणी १९६८ पासून सुरू झाली. पण या स्टिरॉइड जातीच्या औषधांची तपासणी व्हायला १९७६ चे माँट्रियल उजाडावे लागले. १९८८ साली सोलमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर धावला, जगाचा विक्रम मोडला, आणि दोन-तीन दिवसांत त्याचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडले होते.

सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र अमेरिकेच्या बेसबॉलची आहे. आपल्या क्रिकेटमध्ये जसा षटकार, तसा त्यांच्याकडे होमरन. एका हंगामात ६१ होमरनचा विक्रम १९६१ साली झाला आणि तो ३७ वर्षे टिकला. १९९८ साली मार्क मॅग्वायरने ७० मारले. २००१ साली बॅरी बाँड्सने ७३ मारले. त्याआधी १९९४ साली खेळाडूंच्या संपामुळे हंगाम अर्ध्यावर मोडला होता आणि प्रेक्षक रुसले होते. हे होमरन पाहायला ते परत आले. मैदाने भरली, तिकिटे खपली, आणि गड्यांचे दंड एवढे कसे फुगले हे विचारायची कोणाला घाई नव्हती. नियमाप्रमाणे स्टिरॉइड घेण्याला १९९१ पासूनच मनाई होती. पण तपासणीच नाही, तर मनाई पाळतो कोण? शिक्षेसह तपासणी २००४ साली सुरू झाली. २००७ च्या डिसेंबरात मिचेल नावाच्या माजी सेनेटरांनी चौकशीचा अहवाल दिला, त्यात ८९ खेळाडूंची नावे होती. २०१० साली मॅग्वायरने स्टिरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून घेतल्याचे कधी मान्य केले नाही, पण त्या खेळाच्या मानाच्या दालनात निवड होण्यासाठी वृत्तपत्रकारांची जी मते लागतात, ती त्याला दहाही वर्षांत पुरेशी मिळाली नाहीत.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या गोष्टीचे आम्हांला काय? थांबा, आता घराकडे वळू.

नरसिंग यादव हे नाव तुम्हांला नवे नाही. घराणे उत्तर प्रदेशातले, पण गडी मुंबईत वाढलेला. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे त्याने महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा आणली. त्या जागेवर सुशीलकुमारनेही हक्क सांगितला. निवड-कुस्ती घ्या, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि जून २०१६ मध्ये निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. आणि पुढच्याच महिन्यात बातमी आली की सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले. कोणते? मेथॅन्डिएनोन. झिग्लर डॉक्टरांच्या गोळीतले तेच, ५८ वर्षांनंतर.

नरसिंग म्हणाला, हा घातपात आहे, कोणीतरी माझ्या खाण्यापिण्यात हे मिसळले. राष्ट्रीय संस्थेच्या मंडळाने १ ऑगस्टला त्याचे म्हणणे मान्य करून त्याला मोकळे केले. गडी रिओला पोहोचला. पण जागतिक संस्थेने त्यावर क्रीडा लवादाकडे अपील केले. १८ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा पुरावा पुरेसा नाही, आणि द्रव्याचे प्रमाण पाहता पेयात मिसळलेल्या भुकटीपेक्षा गोळीच पोटात गेलेली दिसते, असे तज्ज्ञांचे मत लवादाने ग्राह्य धरले. नरसिंग आपण निर्दोष असल्याचेच सांगत राहिला. मी येथे न्यायाधीश होऊन बसत नाही. मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे तो त्यातला नियम. तो असा की, खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूनेच द्यायचा. कोणी दिले, कसे आले, हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्याच खांद्यावर.

हा नियम किती कडक आहे ते दुसऱ्या उदाहरणावरून कळेल. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सामने खेळत होता. वय अवघे १९. खोकला झाला म्हणून त्याने औषधाच्या दुकानातले साधे खोकल्याचे औषध घेतले. त्यात टर्ब्युटालिन होते, तेच नमुन्यात सापडले. त्याने ते खोकल्यासाठी अजाणता घेतले हे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरीही आठ महिन्यांची बंदी चुकली नाही. लबाडी नव्हती, बेसावधपणा होता. पण वही कोरी राहायची ती राहिलीच.

आता मोठा प्रश्न. २०२२ साली आपल्या संसदेने उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी देशात ३८६५ नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या १२५ मध्ये बंदी असलेली द्रव्ये सापडली. दोन हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त ठरले. अन् हे झाले मोठ्या स्पर्धांचे. आपल्या गावच्या हगाम्यात नमुन्याची बाटली घेऊन कोण येतो? कोणी येत नाही. तेथे इनाम मात्र रोख असते. शहरांतल्या व्यायामशाळांत मेफेंटरमाइनची इंजेक्शने चोरून विकणारे लोक पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अलीकडे येतात. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्याचे. ते डॉक्टरच्या हातचे. निरोगी पोराच्या दंडात टोचले की हृदय धडधडते, रक्तदाब भडकतो, आणि पोराला वाटते अंगात जोर आला.

स्टिरॉइडची तऱ्हा आणखी वाईट. बाहेरून बळ मिळते म्हटल्यावर शरीर आपले स्वतःचे द्रव्य तयार करणे कमी करते. अंडकोष आक्रसतात, पुढे मूल होण्यास अडचण येते, पुरुषाची छाती स्त्रीसारखी वाढते. यकृत बिघडते, हृदयावर ताण येतो. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने घेतले तर हाडांची वाढ वेळेआधीच थांबते. जो उंच व्हायचा तो खुजा राहतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नुसत्या खताच्या जोरावर माजलेले पीक वाऱ्यात आडवे होते, हे तुम्ही बांधावर उभे राहून पाहिले आहे.

म्हणून गुरुजींना माझी विनंती आहे. शाळेचा मुलगा तालुक्याला, जिल्ह्याला खेळायला जातो तेव्हा त्याला एवढे शिकवा: डॉक्टरकडे गेलास की आधी सांग, मी खेळाडू आहे. दुखणे खरे असेल आणि औषधावाचून चालत नसेल, तर रीतसर परवानगी मागण्याची सोय नियमांत आहे. पण नाव-गाव नसलेली डब्यातली पूड, मित्राने दिलेली गोळी, ओळखीच्या माणसाने आणलेली सुई यांना हात लावू नकोस. वस्तादांनीही एक गोष्ट करावी. दोन महिन्यांत पठ्ठ्याचे अंग दुप्पट झाले तर शाबासकी देण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारावे, बाबा, काय खातोस?

आणि जत्रेच्या पंचमंडळींना एक शब्द. बेसबॉलवाल्यांनी गर्दीकडे पाहून डोळे मिटले आणि पुढे वीस वर्षे त्यांना त्याची लाज वाहावी लागली. आपण ती वाट धरू नये. कारण गोळी खाणारा गडी एकट्या स्वतःलाच फसवीत नाही. समोर हरलेला एक पोरगा असतो. पहाटे चारला उठलेला, बापाने म्हशीचे दूध विकायचे ठेवून ज्याला पाजले, असा. तो घरी जाऊन म्हणतो, माझीच मेहनत कमी पडली. त्याची मेहनत कमी पडलेली नसते, पण ते त्याला कधीच कळत नाही. पुढच्या वर्षी एकतर तो तालीम सोडतो, नाहीतर तीच गोळी शोधतो.

यंदाच्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्या लागतील तेव्हा त्या चिमण्या गड्यांकडे जरा नीट पहा. अंगाला माती, मुठीत दोन रेवड्या, आणि तोंडभर हसू. त्यांतला एखादा पुढे शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत पोहोचेल. तोवर त्याच्या खुराकात काय पडते आहे, याकडे गावाने लक्ष ठेवावे, एवढेच मागणे.