निजामाच्या राज्यातील रक्तदाबाचे आलेख

1889 मध्ये निजामाच्या हैदराबाद राज्याच्या खजिन्यातून हृदय व रक्तदाब यांविषयीचा एक मोठा प्रयोग पार पडला. भुलीसाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने मृत्यू येताना आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद सोडवण्यासाठी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दुसरा हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला आणि लंडनहून लॉडर ब्रंटन त्यासाठी आले. कार्ल लुडविग यांनी 1847 मध्ये रचलेल्या कायमोग्राफच्या, म्हणजे फिरत्या पिंपावर दाबाची रेषा उमटवणाऱ्या यंत्राच्या पद्धतीने प्राण्यांच्या धमनीतील दाब नोंदवण्यात आला.

धमनीतील ही रेषा हृदयाच्या आतील घडामोडीचा केवळ बाहेरचा पडसाद होय. डावा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, शिथिल असताना त्यातील दाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरांहून कमी असतो. आकुंचन सुरू होताच वरच्या कप्प्याकडची झडप मिटते, कोंडलेल्या रक्ताचा दाब झपाट्याने चढतो, आणि तो महाधमनीतील सुमारे 80 ओलांडताच तिची झडप उघडून दाब 120 पर्यंत पोहोचतो. फ्रान्समध्ये शोव्हो व मारे यांनी 1860 च्या दशकाच्या आरंभीच घोड्याच्या हृदयात नळी घालून कप्प्यांतील दाब टिपला होता.

श्वास आधी थांबतो, हा आयोगाचा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला: 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी हलक्या भुलीतही निलय अनियंत्रित थरथरून हृदय अचानक बंद पडू शकते, हे मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले.