धनुष्याचा सरस आणि एक चुकलेलं ‘म्हणून’

“त्या काळी चांगला गोंद नव्हता, म्हणून धनुष्य बनवणारे जनावरांच्या कातड्याचा सरस वापरत.” हे वाक्य मी माझ्या पहिल्या टिपणात बिनधास्त लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी फक्त ‘म्हणून’ या शब्दाभोवती गोल काढून कागद परत दिला. आजची पोस्ट त्या गोलाबद्दल.

आपल्या पिढीला लाकूड जोडायचं म्हणजे फेव्हिकॉल. तो बाजारात आला १९५९ साली. त्याआधी आपल्याकडचे सुतारही सरसच तापवून वापरत. त्यामुळे सरस म्हणजे जुनं, कमअस्सल, असं डोक्यात बसलेलं असतं. आणि तेच घेऊन आपण साधनं वाचायला बसतो.

आता साधन बघू. ‘काओगोंग जी’ हा कारागिरीवरचा प्राचीन चिनी ग्रंथ साधारण इ.स.पू. ५ व्या ते ३ ऱ्या शतकातला मानतात. त्यात धनुष्याला लागणाऱ्या ६ वस्तू सांगितल्या आहेत: लाकूड, शिंग, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे चिवट तंतू), सरस, रेशीम आणि झाडाच्या चिकापासूनचं रोगण. गाभा लाकडाचा, धनुर्धराकडच्या बाजूला शिंग, पलीकडे कंडरांचे तंतू. दोर ओढला की शिंग दाबलं जातं, तंतू ताणले जातात. हे सगळं एकत्र धरून ठेवायचं काम सरसाचं.

गंमत म्हणजे ग्रंथात सरस एक नाही, ६ आहेत: हरीण, घोडा, बैल, उंदीर, मासा आणि गेंडा यांचे. बहुतेकांचा रंगही दिलाय. म्हणजे निवड होती. ‘दुसरं काही नव्हतं’ हे माझं गृहीतक इथेच पडलं.

मग सरसच का? सरस म्हणजे मुख्यतः कोलॅजेन आणि कंडराही कोलॅजेनच. सरसात भिजवलेले तंतू वाळले की एकजीव थर होतो आणि आकसताना आधीच थोडा ताण घेतो. उलट फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. खुर्चीला तो चालतो, पण कायम ताणात राहणाऱ्या धनुष्यात तेच सरकणं अडचणीचं ठरतं.

सरसाचा शत्रू पाणी. हे त्या कारागिरांना नीट ठाऊक होतं. रोगण कशासाठी, तर दव आणि हिमकण सोसण्यासाठी, असं ग्रंथच सांगतो. कामाचं वेळापत्रकही ऋतूंवर बांधलेलं आहे: लाकूड हिवाळ्यात, शिंग वसंतात, कंडरा उन्हाळ्यात आणि जोडणी शरदात. शरदच का? माझं अनुमान असं की उत्तर चीनमध्ये पावसाचा दमट उन्हाळा तेव्हा संपलेला असतो. सरस थंडाव्यात घट्ट होतो आणि कोरड्या हवेत वाळतो. म्हणजे निवड नुसत्या सरसाची नव्हती. सरस, रोगण आणि ऋतू हे तिन्ही मिळून एक उत्तर होतं.

पण म्हणून ग्रंथावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. ‘काओगोंग जी’ आपल्यापर्यंत आला तो ‘झोऊ ली’ या राज्यव्यवस्थेच्या ग्रंथातला हरवलेला भाग भरून काढण्यासाठी जोडलेला मजकूर म्हणून. मग ही कारागिराची वही की दरबारी लेखकाने रचलेली यादी? उंदराच्या कातड्यातून धनुष्याला पुरेल इतका सरस खरंच काढत असतील का? असे प्रश्न ग्रंथ वाचून सुटत नाहीत. त्यासाठी जुन्या वस्तूंवरच्या सरसाची प्रथिनं तपासावी लागतात किंवा स्वतः सरस शिजवून बघावा लागतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन. एखाद्या जुन्या तंत्राबद्दल ‘त्यांच्याकडे अमुक नव्हतं, म्हणून’ असं लिहिताना थांबा. आधी विचारा: या वस्तूकडून नेमकं काम काय हवं होतं, कोणत्या हवेत, आणि तिची उणीव कशाने भरून काढली होती? उत्तर मिळालं की ‘म्हणून’ ठेवा, नाहीतर खोडा. मी खोडलं, आणि त्या एका वाक्याच्या जागी अख्खं प्रकरण उभं राहिलं.