पडद्यासमोरची माणसे

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे नावे भराभर ओठांवर येतात. दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, दामले-फत्तेलाल, शांताराम, अत्रे. यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे चित्रपट पाहून जी माणसे रात्री घराकडे वळली, ती वाटेत काय बोलली, कोणत्या प्रसंगावरून नवराबायकोत मतभेद झाला, कोणाला नायिका उद्धट वाटली आणि कोणाला आपलीशी, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक चित्रपटाचे अर्धे आयुष्य त्या बोलण्यात गेलेले असते.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. मुंबईने त्याचे कौतुक केले, पण सुरतेस प्रेक्षक येईनात, अशी कथा सांगतात. तिकडील रसिकांचा हिशेब सरळ होता. दोन आण्यांत रात्रभराचे नाटक मिळत असता दीड तासाच्या खेळाला तीन आणे का मोजावेत? फाळक्यांनी त्या आक्षेपावर वाद घातला नाही. सत्तावन हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीची फीत आणि दर केवळ तीन आणे, अशी त्यांनी जाहिरात केली व गर्दी लोटली. प्रेक्षकाचे मत ऐकून त्याच्याच मापाने उत्तर देण्याचा आपल्याकडील हा पहिलाच प्रसंग असावा. पुढे 1917 मध्ये ‘लंकादहन’ लागला, तेव्हा पडद्यावर राम दिसताच लोक पादत्राणे काढून बसत, अशी आठवण सांगितली जाते. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटाच्या होत्या, याची कोणास अडचण वाटली नाही. हेही एक मतच म्हणावयाचे. ते शब्दांऐवजी पायांनी व्यक्त झाले, इतकेच.

सरकारला प्रेक्षकांच्या मनात काय आहे हे जाणण्याची गरज भासली ती 1927 साली. दिवाण बहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिने 4,325 प्रश्नावल्या वाटल्या, 353 साक्षीदार तपासले आणि 1928 मध्ये अहवाल दिला. दादासाहेबांचीही साक्ष झाली. साक्षींचे ते जाडजूड खंड आजही अभ्यासकांच्या फार उपयोगाचे आहेत. परंतु त्यांत बोलतात ते मुख्यत्वे व्यावसायिक, अधिकारी, शिक्षक आणि प्रतिष्ठित नागरिक. स्वस्त तिकिटाच्या वर्गात बसणाऱ्या माणसाला काय आवडते, त्याच्यावर कोणता परिणाम होतो, हे सारे दुसऱ्यांनीच सांगितले आहे. तो स्वतः मात्र बहुधा गप्पच राहिला.

‘प्रभात’च्या काळात हे बोलणे घरात शिरले. ‘संत तुकाराम’ 1936 साली आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांपुढे हात जोडणाऱ्या बायकांना गौरीबाईंची जिजाई मात्र आपल्याच ओळीतील वाटली. भक्त नवऱ्याचा संसार ओढणाऱ्या त्या बाईचा त्रागा कोणाला समजावून सांगावा लागला नाही. उलट 1937 चा ‘कुंकू’ हा वादाचा चित्रपट ठरला. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला पती मानावयास नकार देते. शांता आपट्यांची ती करारी मुद्रा पाहून परतलेल्या घरांत सासू आणि सून एकाच बाजूला असतील, असे समजण्याचे कारण नाही. माझ्या आजीला केशवराव दात्यांच्या काकासाहेबांची शेवटपर्यंत दया येई. आईला त्या दयेचा राग येई. चाळीस वर्षांनंतरही ‘कुंकू’चा विषय निघाला की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजत.

नंतर दूरचित्रवाणी आली. दिल्लीस प्रायोगिक प्रक्षेपण 1959 साली सुरू झाले, मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी. त्या केंद्रावरून दिसणारे ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ यांचे सुख मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते होते. महाराष्ट्राबाहेरच्या आपणा मंडळींना ते पत्रांतून कळे. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांना पाहण्यापूर्वीच आम्ही त्यांच्याविषयीची मते ऐकली होती. जे पाहिले नाही त्याविषयी हिरिरीने बोलणे, ही परप्रांतातील मराठी माणसाची खास कला होय.

15 ऑगस्ट 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम रंगांत दिसू लागला. 1984-85 मधील ‘हम लोग’ने तर प्रेक्षकांना लेखणी हाती घ्यावयास लावली. बडकीने लग्न करावे की नाही, यावर देशभरातून पत्रांचा पाऊस पडला, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार जणू त्याच बैठकीत सामील होत. आमच्यासारख्यांना मराठी पाहावयास मिळे ती रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांत, आपल्या भाषेची पाळी येईल तेव्हा, अथवा मंडळाने सोळा मिलिमीटरची प्रत मिळवली तर. रीळ बदलताना दिवे लागत, आणि तेवढ्या अवधीत खरी चर्चा होई.

1982 च्या ‘उंबरठा’ने असाच एक वाद उभा केला. महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडणारी, परतल्यावर नवऱ्याचे दुसरे नाते कळताच पुन्हा उंबरठा ओलांडणारी सुलभा. ज्यांच्या मुली तेव्हा नोकरीसाठी दूर निघाल्या होत्या, त्यांना तो निव्वळ चित्रपट राहिला नाही. मला विशेष वाटले ते असे की, एरवी आपसात स्थानिक भाषेत किंवा इंग्रजीत बोलणारी तरुण मुलेही त्या वादात मराठीत उतरली. अडखळत का होईना, पण ‘तिचे चुकले’, ‘तिचे काय चुकले’ हे त्यांना मराठीतच म्हणावयाचे होते. व्याकरणाच्या वर्गांनी जे साधले नव्हते ते स्मिता पाटीलने साधले.

माझ्याजवळ मावशीचे 1987 मधील एक आंतर्देशीय पत्र आहे. प्रकृती, पाऊस, तुरीच्या डाळीचा भाव. आणि मग समासात, उभ्या ओळींत, रविवारच्या ‘रामायण’विषयी. आपल्या ललिता पवारांची मंथरा पाहून ती प्रसन्न झाली होती. कैकेयीविषयी मात्र तिने लिहिले होते की, ही बाई दुष्ट नाही, भ्यालेली आहे. मावशी चौथीपर्यंत शिकलेली होती. हे मत कोणत्याही वर्तमानपत्राने छापले नसते, आणि मीही ते पत्र दोनदा रद्दीत टाकता टाकता वाचवले.

अशी पत्रे आपल्यापैकी पुष्कळांच्या ट्रंकांत असतील. घरे बदलतात, मुले परदेशी जातात, आणि रद्दीवाला अक्षर पाहत नाही. ज्यांच्याजवळ काही असेल त्यांनी निदान त्यांची छायाप्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्यावी. मावशीचे पत्र मी दिले आहे.